स्क्रीन सेव्हर लावायचा कसा, आणि रुसला तर बघायचं काय

नवा कॉम्प्युटर लावला, थोडा वेळ दुसऱ्या कामात गेला, परत येऊन पाहिलं तर स्क्रीन नुसती काळी. जुन्या मशीनवर पाइप फिरायचे, रंगीत रेघा नाचायच्या, नाहीतर दुकानाचं नाव गरगरत असायचं. इथे त्यातलं काहीच नाही. यात बिघाड शोधू नका. विंडोज १० आणि ११ मध्ये स्क्रीन सेव्हर मुळातच बंद ठेवलेला असतो. हवा असेल तर तो स्वतः लावावा लागतो. लावूनही दिसत नसेल तर कारण बहुतेक वेळा एकच निघतं: कॉम्प्युटरमध्ये ठरवून दिलेल्या तीन वेळा एकमेकींच्या आड येतात. त्या तीन वेळा समजल्या की निम्मं काम झालं.

नवख्या माणसाची सुरुवातीला एक गल्लत होते. काम करताना मागे दिसतो तो वॉलपेपर. पिन किंवा पासवर्ड टाकण्याआधी घड्याळ आणि कुठलेतरी परदेशी डोंगर दाखवते ती लॉक स्क्रीन. स्क्रीन सेव्हर या दोन्हींहून वेगळा. काही मिनिटं माउस-कीबोर्डला कुणी हात लावला नाही की आपोआप सुरू होणारा तो एक छोटा प्रोग्रॅम आहे. तो चित्र नसून प्रोग्रॅम आहे, हे ध्यानात असू द्या. शेवटच्या भागात त्याचं महत्त्व कळेल.

आज त्याची गरज कुणाला आहे

पूर्वीच्या पेटीएवढ्या सीआरटी मॉनिटरांत काचेच्या आतल्या बाजूला फॉस्फरचा, म्हणजे चमकून उजेड देणाऱ्या पदार्थाचा, थर असायचा. एकच मजकूर तासन्‌तास एकाच जागी राहिला की तिथला फॉस्फर जास्त झिजायचा आणि मॉनिटर बंद केल्यावरही अक्षरांची सावली दिसायची. डिसेंबर १९८३ मध्ये जॉन सोचा यांनी ‘सॉफ्टॉक’ या मासिकात आयबीएम पीसीसाठी एक छोटा प्रोग्रॅम दिला. तीन मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही की तो स्क्रीन काळी करायचा, बस. नक्षी, मासे आणि उडणारे टोस्टर ही सगळी हौस नंतरची.

आता घरोघरी असलेल्या एलसीडी मॉनिटरांना तसा डाग सहसा पडत नाही. कधी जुन्या चित्राची पुसट छाया राहिली तरी ती बहुतेक वेळा काही तासांत जाते. म्हणजे ‘स्क्रीन वाचवणं’ हे मूळ काम जवळजवळ संपलं. वीज वाचते ही समजूतही चुकीची आहे. स्क्रीन सेव्हर चालू असताना मॉनिटरचा दिवा पेटलेलाच असतो, आणि थ्रीडी प्रकारचा असेल तर ग्राफिक्सचा भागही राबत असतो. बिल कमी करायचं असेल तर डिस्प्ले बंद होऊ द्या, नाहीतर मशीनला झोपू द्या.

मग उरलं काय? कुलूप. मुंबईत जागा इतकी थोडी की कॉम्प्युटरसमोर एकटं बसायला मिळणं ही चैनच. सोसायटीच्या ऑफिसात मॅनेजर पाण्याच्या टँकरवाल्याशी बोलायला खाली उतरतो आणि स्क्रीनवर कुणाची मेंटेनन्सची थकबाकी किती, भाडेकरूचा करार कधी संपतो, हे सगळं उघडं राहतं. दवाखान्याच्या रिसेप्शनवर रुग्णांची नावं, फोर्टातल्या सीएच्या ऑफिसात रिटर्न भरण्याच्या दिवसांत लोकांचे पॅन नंबर, आणि वन रूम किचनमध्ये ऑफिसचं काम करणाऱ्याच्या मागे बटणं दाबायला टपलेलं पोर. पासवर्डासकट लावलेला स्क्रीन सेव्हर या सगळ्यांच्या कामाचा आहे. पासवर्डाशिवाय लावलेला मात्र निव्वळ शोभेचा.

विंडोजमध्ये लावायची पद्धत

१. स्टार्ट बटण दाबा आणि इंग्रजीत ‘स्क्रीन सेव्हर’ टाइप करा. वर जो पर्याय येईल त्यावर क्लिक करा. शोधून सापडला नाही तर सेटिंग्ज, त्यात पर्सनलायझेशन, त्यात लॉक स्क्रीन, आणि पान खाली सरकवत गेलात की तळाशी स्क्रीन सेव्हर.

२. एक छोटी, जुन्या वळणाची खिडकी उघडेल. तिच्यातल्या यादीत ‘नन’ निवडलेलं असेल. यादी उघडून एक प्रकार निवडा. थ्रीडी टेक्स्ट, ब्लँक, बबल्स, मिस्टिफाय, फोटोज आणि रिबन्स असे पर्याय मिळतात. ब्लँक म्हणजे निव्वळ काळी स्क्रीन.

३. ‘वेट’समोर मिनिटं टाका. लोकांची ये-जा असलेल्या टेबलावर ३ ते ५, घरी १० पुरे.

४. ‘ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन’समोरच्या चौकोनात खूण करा. कुलूप ते हेच. तुमच्या खात्याला पासवर्ड किंवा पिन नसेल तर ही खूण काही उपयोगाची नाही. आधी सेटिंग्जमधल्या अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्समध्ये जाऊन पिन लावा.

५. अप्लाय, मग ओके. अप्लाय न दाबता फुली मारून बाहेर पडणारे बरेच जण दुसऱ्या दिवशी ‘सेटिंग राहतच नाही’ म्हणतात.

‘प्रिव्ह्यू’ दाबून नक्षी कशी दिसते ते पाहता येतं, पण प्रिव्ह्यूतून बाहेर येताना पासवर्ड विचारला जात नाही. तसंच स्क्रीन सेव्हर खरोखर सुरू झाल्यावरही पहिल्या काही सेकंदांत माउस हलवला तर विंडोज सवलत देतं आणि थेट आत सोडतं. कुलूप लागतंय का हे पाहायचं असेल तर वेट १ मिनिटावर आणा, हात बांधून बसा, सेव्हर सुरू झाला की आणखी अर्धा मिनिट थांबा आणि मगच माउस हलवा.

बबल्स, मिस्टिफाय, रिबन्स यांत बदलण्यासारखं काही नाही. थ्रीडी टेक्स्ट आणि फोटोज यांच्या ‘सेटिंग्ज’ बटणात मात्र करामती आहेत. थ्रीडी टेक्स्टमध्ये दुकानाचं नाव लिहायला सगळ्यांना आवडतं, पण देवनागरीतली जोडाक्षरं आणि वेलांट्या तिथे नेहमी नीट उमटतील याचा भरवसा धरू नका. ‘श्री गणेशाय नमः’ तुटकं फिरताना पाहण्यापेक्षा ते वर्ड किंवा पॉवरपॉइंटमध्ये छान मोठं लिहून चित्र म्हणून सेव्ह करा, ते चित्र एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि फोटोज प्रकाराला तो फोल्डर दाखवा. हळू, मध्यम, जलद असा वेगही तिथेच ठरवता येतो, आणि शफलवर खूण केली की फोटो उलटसुलट क्रमाने येतात.

फोटोज निवडलं आणि चित्रंच दिसत नाहीत, तर तुमचा फोल्डर वनड्राइव्हमध्ये आहे का बघा. फाइलच्या नावाजवळ ढगाचं चिन्ह असेल तर ती चित्रं इंटरनेटवर आहेत, तुमच्या डिस्कवर नाहीत. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. नाहीतर सरळ सी किंवा डी ड्राइव्हवर फोल्डर करा, कटकट नको.

तीन वेळा

पहिली वेळ स्क्रीन सेव्हरची, जी तुम्ही आत्ता वेटमध्ये टाकली. दुसरी डिस्प्ले बंद होण्याची. तिसरी मशीन झोपण्याची, म्हणजे स्लीपची. तिन्ही एकाच क्षणापासून मोजल्या जातात: तुमचा हात माउस-कीबोर्डवरून निघाला तो क्षण.

गोची अशी की पहिली वेळ एका खिडकीत असते आणि उरलेल्या दोन दुसरीकडेच, सेटिंग्जमधल्या सिस्टिम, पॉवर या पानावर. लॅपटॉपवर त्या पानाचं नाव पॉवर अँड बॅटरी असं दिसतं. एक बदलली तर दुसरी तुम्हाला काही सांगत नाही. समजा डिस्प्ले ५ मिनिटांनी बंद होतो आणि सेव्हर १० मिनिटांवर आहे. सेव्हरची पाळी येईपर्यंत स्क्रीन केव्हाच काळी झालेली. विरारची फास्ट लोकल पुढे निघून गेली आणि आपण स्लोच्या फलाटावर उभे, तसा प्रकार. तक्रार येते ती ‘स्क्रीन सेव्हर चालत नाही’ अशी, आणि माणूस बिचारा त्याच छोट्या खिडकीत पुन्हा पुन्हा नक्षी बदलत बसतो.

नियम सोपा आहे: सेव्हर सर्वांत आधी, मग डिस्प्ले, मग स्लीप. ५, १५, ३० हा आकडा बहुतेकांना चालून जातो. सेव्हरच्या खिडकीत तळाला ‘चेंज पॉवर सेटिंग्ज’ अशी लिंक असते, तिच्यावरूनही पॉवरच्या बाजूला जाता येतं.

लॅपटॉपवाल्यांनी एक जास्तीची गोष्ट बघायची. तिथे चार्जर लावलेला असतानाच्या वेळा वेगळ्या आणि बॅटरीवरच्या वेगळ्या. ‘ऑफिसात दिसतो, घरी सोफ्यावर दिसत नाही’ ही तक्रार ऐकली की बाकी काही तपासायच्या आधी मी बॅटरीची ओळ पाहतो.

वेळा बरोबर आहेत, तरी सुरू होत नाही

आता खरा शोध सुरू होतो. सेव्हरला सुरू व्हायला शांतता लागते, आणि कुणीतरी ती मोडतंय असं समजून चाला.

पहिला संशयित माउस. आपल्याकडे जुन्या ऑफिसांत, दवाखान्यांत, सोसायटीच्या कचेरीत टेबलावर काच असते आणि काचेखाली कॅलेंडर, व्हिजिटिंग कार्डं, देवाचा फोटो. ऑप्टिकल माउस पोटाखालच्या पृष्ठभागाचे भराभर फोटो काढून हालचाल ओळखतो. स्वच्छ काचेवर त्याला धड काही दिसत नाही, म्हणून कुणी हात न लावताही पॉइंटर किंचित थरथरतो. डोळ्याला कळणार नाही इतकी ती थरथर असते, पण विंडोजला तेवढी पुरते आणि वेळ पुन्हा शून्यापासून मोजायला लागते. डुगडुगत्या टेबलावर, किंवा रुळांलगतच्या इमारतीत गाडी गेल्यावर टेबल हादरत असेल तर, तेही कारण असू शकतं. उपाय माउसपॅड. नसेल तर वहीचा पुठ्ठाही चालतो.

खात्री करण्यासाठी वेट १ मिनिट करा, ओके दाबा आणि माउसची यूएसबी काढून टाका. वायरलेस असेल तर त्याचा रिसीव्हर काढा. मिनिटाभरात सेव्हर आला तर गुन्हेगार सापडला. काही जण माउस उलटा करून ठेवायला सांगतात. मला ते पटत नाही, कारण सेन्सर वर तोंड करून राहिला की वरच्या उजेडातला बदलसुद्धा त्याला हालचाल वाटू शकते.

‘सेव्हर येतो आणि लगेच जातो’ ही तक्रारही याच घरची. तिथे कीबोर्डही तपासा. एखादी की चहा सांडून चिकट झाली असेल, किंवा वहीचा कोपरा स्पेसबारवर टेकला असेल. गेम खेळायचा कंट्रोलर लावून ठेवला असेल तर तोही काढून बघा.

दुसरा संशयित म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम. ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू असेल, व्हिडिओ कॉल असेल, पॉवरपॉइंटचा स्लाइड शो लावलेला असेल, तर ते प्रोग्रॅम विंडोजला ‘स्क्रीन जागी ठेव’ असं सांगून ठेवतात. हे बरोबरच आहे, नाहीतर सिनेमा बघताना दर पाच मिनिटांनी बुडबुडे आले असते. पण असा एखादा प्रोग्रॅम मागे तसाच चालू राहतो आणि आपण विसरतो. कोण जागं ठेवतंय ते विंडोजलाच विचारता येतं. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, त्यावर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. मग इंग्रजीत ‘पॉवर’ हा शब्द, त्याला चिकटून सी, एफ, जी ही तीन अक्षरं, एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि रेघेला लागून ‘रिक्वेस्ट्स’ असं टाइप करून एंटर मारा. तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. डिस्प्ले या शब्दाखाली ‘नन’ आलं तर कुणी अडवत नाहीये. एखाद्या प्रोग्रॅमचं नाव आलं तर तो बंद करून पुन्हा बघा.

मशीन ऑफिसचं असेल आणि सेव्हरची खिडकी करडी, काही बदलताच येत नाही अशी असेल, तर ते तुमच्या आयटी विभागाने मुद्दाम तसं ठेवलंय. इंटरनेटवर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, बदल करायच्या युक्त्या सापडतील. त्यांच्या नादी लागू नका, नोकरी आपली आहे. लांबलचक पीडीएफ वाचताना मध्येच सेव्हर येऊन त्रास होत असेल तर आयटीकडे वेळ वाढवून मागा. आणि जागेवरून उठताना त्याची वाट कशाला बघायची? विंडोजचं बटण धरून एल दाबलं की त्याच क्षणी कुलूप लागतं.

उलटी तक्रारही ऐकू येते: सेव्हर जातच नाही, किंवा गेल्यावर स्क्रीन काळीच राहते. घाईने पॉवरचं बटण दाबून धरू नका, टॅलीत न सेव्ह केलेल्या नोंदी जातील. आधी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबा. काही झालं नाही तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम. यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवायला लागणारा प्रोग्रॅम, नव्याने सुरू होतो. बारीकसा आवाज येतो, स्क्रीन लुकलुकते आणि तुमचं उघडं काम जागेवर असतं. असं वारंवार होत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा आणि तोवर थ्रीडीऐवजी ब्लँक वापरा. सेव्हर लागला की पंखा घरघरायला लागतो त्यांनाही हाच सल्ला.

मॅकवर हे सगळं सिस्टिम सेटिंग्जमध्ये आहे. वरच्या शोधाच्या चौकटीत ‘स्क्रीन सेव्हर’ लिहा. किती वेळाने सुरू व्हावा आणि पासवर्ड कधी मागावा हे लॉक स्क्रीनच्या पानावर ठरतं, आणि तिथेही डिस्प्ले बंद होण्याची वेळ सेव्हरच्या वेळेनंतरचीच हवी. उबुंटूवर नक्षी शोधत बसू नका. तिथे नेहमीच्या सेटिंग्जमध्ये नुसती स्क्रीन काळी होणं आणि लॉक होणं एवढंच आहे, आणि कामाला तेवढं पुरतं.

ओएलईडी असेल तर

इथे मात्र जुना डागाचा प्रश्न परत आला आहे. ओएलईडी या नव्या प्रकारच्या स्क्रीनमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो आणि वापराप्रमाणे झिजतो. टास्कबार, ब्राउझरची वरची पट्टी, दिवसभर लावलेल्या बातम्यांच्या चॅनेलचा लोगो आणि खालची धावती पट्टी, अशा जागा आधी झिजतात आणि ती छाया कायमची राहू शकते. ओएलईडीत काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. त्यामुळे ब्लँक सेव्हर २-३ मिनिटांवर लावा आणि डिस्प्ले त्यानंतर लवकरच बंद होऊ द्या. टास्कबार आपोआप लपेल असं सेटिंग करा.

आपल्या एका चांगल्या सवयीचा इथे तोटा होतो. रात्री भिंतीवरचा स्विच बंद करायचा, हे घरोघरी शिकवलेलं असतं. पण बऱ्याच ओएलईडी मॉनिटर आणि टीव्हींमध्ये ठिपक्यांची देखभाल स्टँडबायमध्ये असताना चालते. बटणाने बंद केल्यावर लगेच स्विच मारला तर ते काम अर्धवट राहतं. मॅन्युअलमध्ये किती वेळ लागतो ते पाहा आणि तेवढा वेळ स्विच चालू ठेवा.

लॅमिंग्टन रोडला वापरलेला मॉनिटर घ्यायला गेलात तर दुकानदार सुंदर रंगीत व्हिडिओ लावून दाखवेल. त्यात डाग लपतात. पूर्ण स्क्रीनभर एकसारखा करडा रंग लावून मागा, मग पांढरा, मग लाल. खालच्या कडेला टास्कबारची पट्टी किंवा वर टॅबच्या रेघा पुसट दिसल्या तर मॉनिटर ऑफिसात राबलेला आहे. एलसीडी असेल तर भाव करा. ओएलईडी असेल तर पुढच्या दुकानात चला.

बाहेरून उतरवलेले सेव्हर

विंडोजमधले सहा प्रकार कंटाळवाणे वाटतात आणि माणूस ‘फ्री स्क्रीन सेव्हर’ शोधायला लागतो. गणपतीत बाप्पाचे, पावसाळ्यात धबधब्याचे, व्हॉट्सॲपवरही फिरतात. विंडोजमध्ये स्क्रीन सेव्हरच्या फाइलच्या नावाचा शेवट एस, सी, आर या तीन अक्षरांनी होतो, आणि सुरुवातीला म्हटल्याप्रमाणे ती फाइल म्हणजे प्रोग्रॅम. डबल क्लिक केलं की ती तुमच्या मशीनवर वाटेल ते करू शकते. त्यात भर म्हणजे विंडोज फाइलच्या नावाचं हे शेपूट सहसा लपवून ठेवतं. म्हणून ‘बाप्पा डॉट जेपीजी डॉट एससीआर’ नावाची फाइल तुम्हाला साधा फोटो वाटते.

फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. विंडोज १० असेल तर ही खूण थेट व्ह्यूच्या पट्टीतच असते. यानंतर फोटो म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी एससीआर दिसलं तर न उघडता डिलीट करा, पाठवणारा सख्खा मामा असला तरी. बाप्पाचे फोटो हवे असतील तर फोल्डर आणि फोटोज प्रकार आहेच, बाहेरचं काही लागत नाही.

अशी फाइल आधीच उघडली गेली असेल तर वायफाय बंद करा, विंडोज सिक्युरिटीत जाऊन व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमधून फुल स्कॅन लावा, आणि बँकेचे व ईमेलचे पासवर्ड त्या मशीनवरून नव्हे, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून बदला.